यंत्रानेही टिंबं द्यावीत

मोडी लिपीतले जुने कागद वाचून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. खरेदीखतं, देवस्थानाच्या सनदा, वतनाचे तंटे असं बरंच काही लोक घेऊन येतात. हल्ली येतानाच ते कागद 'वाचून' येतात. फोनवर फोटो काढतात, एआयकडून मजकूर काढून घेतात आणि म्हणतात, "ताई, एवढं बरोबर आहे ना, बघता का?"

अशाच एका खरेदीखतात जमीन होती 'बिघे ५॥'. मोडी हिशेबात आकड्यापुढे एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. यंत्राने दोन दंडांना विरामचिन्ह समजून फक्त पाच बिघे ठेवले. हेच दंड शब्दापुढे आले की ती संक्षेपाची खूण होते, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. खरी गंमत कागदाच्या तळाशी होती. साक्षीदारांची नावं असलेला कोपरा कसरीने खाल्लेला, आणि यंत्राने तिथे एक छानसं नाव बसवून दिलं होतं. बाकीचा मजकूर इतका झोकदार की शंका यावी कुणाला?

मी यंत्राच्या विरोधात नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यातून ४५ खंड काढले, तरी ती चिमूटच. तंजावरलाही मोडीचा मोठा साठा आहे. आम्ही मूठभर वाचक जन्मभर बसलो तरी हे उरकणार नाही. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरी करणारं एआय प्रारूप पुढे आणलं. त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा दोन हजारांवर प्रतिमा लिप्यंतरासह गोळा केल्या. हे चांगलंच झालं. हजार रुमालांत एका गावाचं नाव कुठे कुठे आलंय, एवढं जरी यंत्राने दाखवलं तरी अभ्यासकाची वर्षं वाचतील.

पण इंग्रजीत यंत्र चुकलं तर हजार माणसं तत्काळ ओरडतात. मोडीत ओरडणार कोण? शिवाय इथली चूक साध्या डोळ्यांना दिसतही नाही. पेशवाईतल्या पत्रावर साल असतं 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. महिना जमादिलाखर वगैरे हिजरीचा, पण साल शुहूर सनाचं. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, म्हणजे पानिपतचं वर्ष. महिन्यावरून सालही हिजरी धरलं, तर निघतं १७४८. पानिपतच्या धामधुमीतलं पत्र थेट शाहू महाराजांच्या हयातीत जाऊन बसतं! असा एक लेख इंटरनेटवर चढला की पुढचं यंत्र तोच वाचून शिकणार, आणि मग चुकीलाच पुरावा मिळणार.

हे पंडितांपुरतं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतल्या जुन्या नोंदवह्या उघडल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आरक्षणाच्या वादात मला शिरायचं नाही. पण जन्ममृत्यूच्या वहीतल्या एका आखूड शब्दावर घरातल्या मुलाचा दाखला ठरत असेल, तर तो शब्द कोणी वाचला, कशावरून वाचला, हे विचारायचा हक्क त्या घराला हवाच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. छापील साधनखंडांत कागद फाटला असेल तिथे टिंबं दिसतात, संशय असेल तिथे प्रश्नचिन्ह. 'मला वाचता आलं नाही' असं सांगणारी ती टिंबं हा आमच्या विद्येचा कणा आहे. यंत्रालाही ती द्यायला लावा. सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक लिप्यंतराशेजारी मूळ कागदाचं चित्र असावं, यंत्राने वाचलं की माणसाने, हे लिहिलेलं असावं आणि खात्री नसलेला शब्द वेगळा दिसावा. ज्यांच्या लिप्यंतरांवर ही यंत्रं शिकतात, त्या वाचकांना नाव आणि मोबदला दोन्ही मिळावं.

आणि वर्ग चालू राहावेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं, काही संस्था आणि हौशी मंडळीही शिकवतात. माझ्याकडची मुलं आता विचारतात, यंत्र आहे तर बाराखडी कशाला घोटायची? मुळाक्षरं पंधरवड्यात येतात, हे त्यांना दिसतं. शब्द न तोडता सलग लिहिलेली, ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळणारी ओळ कुठे तोडायची, हे कळायला मात्र शेकडो कागद नजरेखालून जावे लागतात. यंत्राची चूक पकडायला नेमकी हीच नजर लागते. यंत्रावर लाखो रुपये खर्च करताना त्यातला थोडा भाग दहा-वीस तरुणांच्या विद्यावेतनाला ठेवला नाही, तर आणखी वीस वर्षांनी मोडीचे सगळे कागद 'वाचलेले' असतील आणि त्यातलं खरं किती, हे सांगणारा एकही माणूस नसेल.