धूर थोडा, पाणी रोज

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावात धूरफवारणीची मागणी होते. ती स्वाभाविक आहे, पण रोगाच्या मुळाशी जाणारी नाही. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती डास प्रामुख्याने घरातल्या आणि अंगणातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पिंपाच्या ओलसर कडेला अंडी घालते. पिंप रिकामे झाले तरी ती अंडी काही महिने तग धरतात आणि पाणी भरताच त्यातून अळ्या निघतात. पुढे आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. धुराने मरतो तो उडणारा डास. अळ्या आणि अंडी तशीच राहतात. साथ भडकली असताना फवारणीचा तात्पुरता उपयोग जरूर आहे, पण तिला प्रतिबंध म्हणता येणार नाही.

लासलगावच्या निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. एवढे पाणी पाहून संशय तिकडे जातो. मात्र तिथे मासे आणि चतुरांची पिल्ले डासांच्या अळ्या फस्त करतात. उघड्या पिंपात त्यांना खाणारे कोणी नसते. शिवाय एडिस सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे रुग्णाला चावलेला डास बहुधा त्याच्याच गल्लीत वाढलेला असतो. हा केवळ महानगरांचा प्रश्न आहे, असेही मानू नये. चिकुनगुन्याची साथ 1973 मध्ये बार्शीत, 2006 मध्ये मालेगावात आली. राज्यातला पहिला झिका रुग्ण 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला.

मग लोकांनीच पाणी साठवण्याची भांडी का घासू नयेत, असा आक्षेप येईल. घासलीच पाहिजेत, आठवड्यातून एकदा ती रिकामी करून सुकवण्याचा कोरडा दिवस पाळण्याला पर्याय नाही. पण नळाला पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसलेल्या गृहिणीला भरलेले पिंप ओतून द्या, असे सांगणे अन्यायाचे आहे. लासलगाव-विंचूरसह सोळा गावांची पाणी योजना खंडित झाली की घरोघरी साठवण वाढते आणि डासांना जागा मिळते. म्हणून नियमित पाणीपुरवठा हा आरोग्य खात्याइतकाच पाणी खात्याचा डासविरोधी कार्यक्रम समजला पाहिजे. तोवर पाणी येण्याचा दिवस आधी जाहीर व्हावा, म्हणजे कोरडा दिवस त्याला जोडता येईल. बाजार आवारातल्या ताडपत्र्या आणि टाकाऊ टायर यांत पाणी साचू न देण्याची जबाबदारी निश्चित करावी. शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या, हा आकडा दर आठवड्याला गावासमोर ठेवावा. प्रशासनाचे काम फवारणीच्या फेऱ्यांवरून नव्हे, याच आकड्यावरून जोखले जावे.