‘खाऊन घ्या’ एवढेच?

औषधाच्या दुकानात गुडघेदुखीवर गोळी मागितली की एकच सूचना मिळते: ‘काहीतरी खाऊन घ्या.’ गुडघेदुखीवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याची मनाई आहे. तरी चिठ्ठी कुणी मागत नाही. पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून हातावर ठेवल्या जातात. पट्टीवरची लाल रेघ, इशारा आणि पुष्कळदा औषधाचे नावसुद्धा दुकानातच राहते.

खाल्ल्याने मळमळ, जळजळ थोडी कमी होत असेल. पण जठरातला रक्तस्राव टळत नाही. जठराच्या अस्तराला आम्लापासून जपणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये शरीर स्वतः बनवते. सूज उतरवणाऱ्या या गोळ्या नेमकी तीच बनू देत नाहीत. शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवून दिले, त्यांना १९८२ मध्ये नोबेलही मिळाले. गोळी रक्तात उतरल्यावरही हे चालूच राहते. म्हणून भरल्या पोटी घेतली काय किंवा इंजेक्शन टोचून घेतले काय, जठराची सुटका नाही.

त्यात जठरात झालेल्या व्रणाची (अल्सरची) वेदनाही याच गोळीने दबते. म्हाताऱ्या माणसाचे पोट अनेकदा अजिबात दुखत नाही आणि पहिली खूण थेट संडासात दिसते: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी. घरचे म्हणतात, उष्णता झाली. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट नसते आणि असा वासही येत नाही. पुढे चक्कर येते, घाम फुटतो, जिना चढताना दम लागतो. कुणाला रक्ताची किंवा काळपट उलटी होते. तोवर बरेच रक्त गेलेले असते.

साठी ओलांडलेले, हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, पूर्वी अल्सर झालेले यांना धोका सर्वाधिक. गुडघेही बहुधा यांचेच दुखतात. ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हे विचारायला अर्धे मिनिट पुरते. ते न विचारता गोळी देणे हा शुद्ध हलगर्जीपणा आहे.

विक्रेत्यांनी खाण्याची सूचना जरूर द्यावी, पण तिथे थांबू नये. शी काळी झाली तर ही गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठा, हेही सांगावे. आणि घेणाऱ्यांनी गोळीचे नाव लिहून मागावे. रुग्णालयात डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.