जादा तास आणि शेवटची एस.टी.

दलित-आदिवासी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांत ‘रेमेडियल’ वर्गांची योजना आणली. पण वडशात हा तास कॉलेज सुटल्यावर ठेवायचा आणि कुरखेडा-कोरचीच्या मुली थांबल्या नाहीत की त्यांना बेफिकीर म्हणायचे? एस.टी. चुकली तर त्यांनी रात्र कुठे काढायची?

घरी गोंडी बोलणारी मुलगी पुस्तकी मराठीत अडते, म्हणून ती ‘मंद’ नसते. प्राध्यापकांनी तिची वही जादा तास घेणाऱ्या बाईंना दाखवावी, नेमके कुठे अडते ते सांगावे, आठवड्यातून एकदा स्वतः तिथे बसावे. (नावांची यादी फलकावर लावू नये, एवढे तरी कळावे!)

नागपूर लांब, ही सबब २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून उरलेली नाही. हा तास दुपारच्या वेळापत्रकातच हवा. मैत्रिणींनो, सत्र सुरू होण्याआधी प्राचार्यांना गाठू या.