गळती शोधणे हेही विज्ञानच

मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याची वायुवर्णलेखन, म्हणजेच गॅस क्रोमॅटोग्राफी, ही पद्धत १९५२ साली जेम्स व मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या निबंधामुळे सर्वत्र रूढ होऊ लागली. कोळशाच्या खाणीतील हवेत मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड किती आहे, हेही तिच्या साहाय्याने ठरविता येते. अशा यंत्रातील झडप गळू लागली, तर तिची चिंता केवळ मिस्त्रीने करावी काय? आमच्या मते ती शास्त्रज्ञानेही केली पाहिजे, आणि तिचे शिक्षण विद्यार्थिदशेतच मिळाले पाहिजे.

या यंत्रात वायूचा नमुना मोजून आत सोडण्याचे काम बहुधा फिरत्या झडपेकडे असते. तिच्यातील खोबणीदार चकती दुसऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर घट्ट टेकून फिरते. धुळीचा वा धातूच्या किसाचा कण मध्ये सापडला, की चकतीवर ओरखडा उठतो आणि त्या वाटेने वायू निसटतो. ही गळती डोळ्यांस दिसत नाही. ती आलेखावरून ओळखावी लागते. घटकांच्या बाहेर पडण्याच्या वेळा मागेपुढे होतात, शिखरे खुजी होतात, आधाररेषा डळमळते. प्रमाणित वायूने यंत्र पारखून घेतल्यानंतर गळती सुरू झाली, तर विषारी वायू आहे त्याहून कमी भरण्याचा संभव असतो. त्या आकड्यावर विसंबून माणसे खाणीत उतरावयाची असतात, हे विसरून चालणार नाही.

अशा वेळी हाती पाना घेऊन झडप आवळीत सुटणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय. त्याने चकती अधिकच झिजते. प्रथम यंत्र थंड करावे. वाहक वायू हायड्रोजन असल्यास विशेष जपावे, कारण हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असता तो पेट घेऊ शकतो. मग बाहेरचे तोंड बंद करून वायूचा पुरवठा तोडावा व दाबमापकाकडे पाहावे. काटा उतरू लागला, तर एकेक भाग वेगळा करून पुन्हा तपासावे. साबणाचे पाणी झडपेवर घालू नये. ते आत शिरून यंत्र दूषित करते. दोष झडपेतच सापडल्यास ती स्वच्छ जागी उघडावी, ओरखडा पडलेली चकती बदलावी, झडपेच्या आधी बारीक गाळणी बसवावी आणि प्रमाणित वायूने यंत्र पुन्हा पारखावे.

यंत्रे महाग व नाजूक असतात, विद्यार्थ्यांच्या हाती ती कशी द्यावी, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. परंतु पद्धत शिकविण्यास महाग यंत्र लागत नाही. सायकलच्या दुकानातील मुलगा ट्यूब थोडी थोडी पाण्यात बुडवून छिद्र शोधतो, त्याची रीत हीच असते. एक दाबमापक, रबरी नळी आणि दोन तोट्या एवढ्या साहित्यावर कोणत्याही शाळेत हा पाठ देता येईल.

आपल्या प्रयोगवह्यांत निष्कर्षासाठी जागा असते, बिघाडासाठी नसते. काय बिघडले, कसे सापडले आणि कसे दुरुस्त केले, हे लिहिण्यास एक पान राखावे व त्यासही गुण द्यावेत, एवढीच आमची सूचना आहे.