शेंडा खुडताना

शेवंती आपल्याला हारापुरती माहीत. जपानात मात्र तिच्याच कुळातल्या ‘शुंगिकु’चा पाला भाजी म्हणून खातात, पुष्कळजण घरी कुंडीतही लावतात. सप्टेंबरात बी पेरायचे, वीतभर वाढली की शेंडा खुडायचा. खाली चार पाने राखली की बगलेतून नवे फुटवे येतात. उकळत्या रश्शात अगदी शेवटी टाकायची, जास्त शिजली की कडवटते. (हारातल्या शेवंतीचा पाला मात्र कोणी खाऊ नये, त्यावर औषधाची फवारणी झालेली असते.)

हे वाचताना आम्हाला आमची आई दिसली. हरभऱ्याचे शेंडे ती असेच खुडायची. पण शेत मालकाचे. ओटी जरा फुगलेली दिसली की झडती व्हायची.

यंदा आम्ही गॅलरीत तेलाच्या डब्यात हरभरा पेरलाय. सोळा रोपे आलीत. पहिला शेंडा आईच खुडणार.