दर्शनी हुंडी

'यंदा घराला रंग काढायचा का हो?' हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात दिवाळीच्या आधी दोन महिने विचारला जातो आणि कानाला तो फार निरुपद्रवी वाटतो. पण साधूच्या लंगोटीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. उंदीर लंगोटी कुरतडतात म्हणून साधूनं मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय घेतली, गाईला चारा हवा म्हणून शेत घेतलं, आणि शेवटी बिचारा संसाराला लागला. रंगाचं अगदी तसंच असतं. भिंत उजळली की फरशी मळकी दिसते. जुन्या फरशीवर नवी बसवली की जमीन बोटभर वर येते आणि दारं घासायला लागतात. दारं तासायला सुतार येतो, आणि जाता जाता तो म्हणतो, 'साहेब, आता एवढं केलंच आहे तर...'

'आता एवढं केलंच आहे तर' या पाच शब्दांनी मराठी माणसाचा जितका प्रॉव्हिडंट फंड खाल्ला आहे, तितका मुलांच्या लग्नांनीही खाल्ला नसेल.

माझं भांडण रंगाशी नाही. फरशीशी नाही, सुताराशी तर नाहीच नाही. घराच्या कोणत्या टोकाकडून आपण पैसे खर्चायला लागतो, तेवढ्याशीच माझं भांडण आहे. बी.कॉम.ला आम्हाला दर्शनी हुंडी नावाचा प्रकार शिकवला होता. ही हुंडी समोर धरली की लगेच पैसे मोजायचे. मुदत नाही, सबब नाही. पुढे वीस वर्षं बँकेत कारकुनी करताना माझी खात्री पटली, की मध्यमवर्गीय घराचा दर्शनी भाग ही तसलीच हुंडी आहे. पाहुण्यानं नजर टाकली की यजमानानं पैसे मोजलेच पाहिजेत!

आता साधा हिशेब करू. वर्षाचे दिवस 365. त्यांत बाहेरच्या खोलीत चहा घेऊन भिंती न्याहाळणारे पाहुणे येणार धरा दहा दिवस. बाथरूममध्ये घरातली पाच माणसं रोज जाणार, त्यांतली दोन सत्तरीच्या पुढची. पण अंदाजपत्रकात बाहेरच्या खोलीला अडीच लाख, आणि बाथरूमपुढे शेरा असतो, 'पुढच्या वर्षी बघू.' आमच्या शाखेत असा कर्जाचा अर्ज आला असता तर साहेबांनी चष्मा काढून अर्जदाराकडे पाहिलं असतं.

त्यातून आता ते फॉल्स सीलिंग. चांगलं दहा फुटांवरचं छत असताना त्याच्याखाली अर्धा फूट सोडून प्लास्टरचं दुसरं छत टांगायचं, त्यात बारा दिवे खोचायचे आणि पंख्याचा दांडा बदलायचा. वरच्या मजल्याची ओल छताला येत असेल, तर कंत्राटदार मोठ्या उदारपणे सांगतो, 'काळजी नको साहेब, सीलिंग घातलं की दिसणार नाही.' दिसणार नाही, हे अगदी खरं. पण ओल दिसेनाशी होणं आणि ओल जाणं यांत, कर्जदार दिसेनासा होणं आणि कर्ज फिटणं यांत आहे तेवढाच फरक आहे. वर पाणी आपलं काम गुपचूप करत राहतं, स्लॅबमधली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सोडवते. मग एका पावसाळ्यात दोन्ही छतं एकदमच भेटायला येतात.

'मधली भिंत काढा, हॉल मोठा दिसेल' हा दुसरा फुकटचा सल्ला. जुन्या इमारतींत पुष्कळ भिंती नुसत्या उभ्या नसतात, वरचे मजले अंगावर घेऊन उभ्या असतात. जुलै 2017 मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात आधाराचे खांब तोडल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा उचलू नये, एवढं शहाणपण घ्यायला त्याहून मोठा धडा कशाला हवा? इथे विनोद करायला मला जमत नाही.

हिशेबाकडे परत येऊ, कारण तिथे आम्हाला जरा जमतं. रंगाचा भाव चौरस फुटावर सांगतात. खोली दहा बाय बारा, म्हणजे 120 फूट, असं म्हणून आपण मनातल्या मनात गुणाकार करून खूश होतो. पण रंग जमिनीला द्यायचा नसतो हो! उंची दहा फूट धरली तर चार भिंतींचे 440 आणि छताचे 120, मिळून 560 चौरस फूट होतात. यातून दारं-खिडक्या वजा करायच्या असतात. त्या आपणच वजा करायला सांगायच्या, कंत्राटदाराला त्या सहसा दिसत नाहीत. शेवटी तो विचारतो, 'बिल हवंय? मग 18 टक्के जीएसटी पडेल.' आपल्याला क्षणभर वाटतं, बिल न घेऊन आपण सरकारला फसवलं. सहा महिन्यांनी पोपडे पडले की कळतं, कोण फसलं ते. ज्या कामाचा कागद नाही, त्या कामाला गॅरंटी कशी असणार?

कर्ज काढणार असाल तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट कानात सांगतो. समजा, पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी घेतले. शिल्लक रकमेवर 12 टक्के व्याज असेल तर हप्ता साधारण 11,122 रुपये आणि एकूण व्याज एक लाख सदुसष्ट हजारांच्या आसपास. तेच 12 टक्के 'फ्लॅट' असतील तर व्याज पुरते तीन लाख! आकडा तोच, बारा. पण शिल्लक रकमेच्या भाषेत तो वीसच्या वर जातो. टाइल्सच्या दुकानात तासभर छटा निवडणारा माणूस हा प्रश्न विचारायला मिनिटभरही थांबत नाही.

मग पहिला पैसा कुठे घालावा? जे दिसत नाही तिथे. आधी गच्ची आणि नळ. मग बाथरूम: वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी जाळी बंद करून 24 तास पाणी तुंबवून ठेवावं आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघावं. त्या निमित्तानं खालच्यांशी बोलणंही सुरू होतं. मग वायरिंग. दोन पंखे आणि चार दिवे यांच्या बेतानं घातलेल्या जुन्या वायरीवर आपण गीझर, वॉशिंग मशीन आणि एसी चढवलेले असतात. अर्थिंग तपासून घ्यावं आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारं आरसीसीबी बसवावं. त्याला कोणी पाहुणा 'वा!' म्हणणार नाही, पण ओल्या हातानं बटण दाबणारी घरातली माणसं घरातच राहतील. जुनी मोझॅक फरशी शाबूत असेल तर मशीननं घासून पॉलिश करून घ्यावी. नव्या फरशीच्या मानानं खर्च किरकोळ, आणि दारंही घासत नाहीत.

तुम्ही म्हणाल, माणसानं हौस करूच नये की काय? जरूर करावी! पडदे घ्या, एका भिंतीला मोरपंखी रंग द्या, वारली चित्रं काढा. पण आधी गळती, मग रंगपंचमी. हौसेचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात ओव्हरड्राफ्ट देऊ नका.

एका स्नेह्याच्या नव्यानं सजवलेल्या घरी गेलो होतो. फरशी अशी चकचकीत, की पाय टाकण्याआधी भांग नीट करून घ्यावा. त्याची ऐंशीची आई आतून बाहेर येत होती, भिंतीला हात धरून, एकेक पाऊल मोजत. तेवढ्यात कोणीतरी मायेनंच म्हणालं, 'आई, भिंतीला हात नको, डाग पडतील.' म्हातारीनं हात काढला. मग ती जिथे होती तिथेच उभी राहिली. भिंत सुंदर होती. आधार मात्र गेला होता. सहाशे रुपयांचा स्टीलचा दांडा त्या लाखांच्या घरात कुठेच नव्हता.

आम्ही सगळ्यांनी 'छान केलंय हं' म्हटलं आणि चहा घेतला. आमच्या धंद्यात याला सोयीच्या हुंड्या म्हणतात: खरा व्यवहार काहीच नाही, नुसत्या एकमेकांवर हुंड्या काढायच्या आणि एकमेकांच्या सकारायच्या. तो आमच्याकडे येणार, आम्ही त्याच्याकडे जाणार, आणि दोन्ही घरच्या म्हाताऱ्या हात लावायला जागा शोधत उभ्या राहणार. तेव्हा मंडळी, यंदा कोणी हुंडी समोर धरलीच तर खुशाल नाकारा. पाहुण्याला गरम चहा द्या, जुन्या खुर्चीवर बसवा, आणि त्यानं विचारलंच 'काय काय केलंत घराचं?', तर त्याला सरळ बाथरूममधला दांडा दाखवा.