युरियाची मूठ आणि सागाचा पाचोळा

गेल्या फेब्रुवारीत आपल्या मुलींच्या होस्टेलमागे सागाचा पाचोळा पेटवला होता, आठवतं? धुरामुळे सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या ढिगात माझ्या सहा पिशव्या होत्या. आठ महिन्यांचं काम अर्ध्या तासात राख!

पिशव्या कसल्या ते सांगते. मी अकोल्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'डिकम्पोझिशन'ची व्याख्या तोंडपाठ, पण कुजणं म्हणजे काय हे पाहिलं ते काकांच्या शेतात. काका पऱ्हाट्यांचा भुगा खड्ड्यात टाकतात, वर शेणकाला ओततात आणि युरिया भुरभुरतात. म्हणतात, "मूठभर युरिया टाक, मंग पाह्य कसं कुजते ते!" काकांचं बरोबरच आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजन लागतो आणि वाळल्या काडीकचऱ्यात तो फार कमी असतो.

मग मला वाटलं, हाच नायट्रोजन हवेतून जंगलावर पडला तर वाईट काय? आणि तो पडतोच. पारसला, नांदगाव पेठला कोळसा जळतो, रस्त्यावर आपल्या गाड्या जळतात, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. शेतात फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. हे सगळं पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली येतं. ते शेताचा बांध पाहत नाही की व्याघ्र प्रकल्पाची हद्द. परतवाडा सोडलं की घाट लागतो आणि मेळघाटचा सागवान सुरू होतो. शेत आणि जंगल यांच्यात अंतर ते किती?

पण जंगल म्हणजे काकांचा खड्डा नव्हे. पानात दोन प्रकारचा माल असतो. साखर, सेल्युलोज वगैरे लवकर संपतं. मागे राहतं ते लिग्निन, म्हणजे पानाला आणि लाकडाला ताठपणा देणारं चिवट द्रव्य. ते फोडणं हे मुख्यतः काही खास बुरशींचं काम. त्यात कष्ट भारी आणि मिळकत कमी. अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी १९७८ साली अशीच एक बुरशी प्रयोगशाळेत वाढवली, तेव्हा दिसलं की आजूबाजूचा नायट्रोजन संपल्यावरच ती लिग्निनला हात घालते. साहजिक आहे. डबा खोलीवर आयता आला तर मेसच्या रांगेत कोण उभं राहील?

म्हणजे तोच नायट्रोजन सुरुवातीला कुजण्याला ढकलतो आणि शेवटी अडवतो! २००५ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. सगळ्यांची सरासरी काढली तर परिणाम जवळजवळ शून्य. आपण इंजिनिअर लोक इथेच फाइल बंद करतो. पण आकडे वेगळे केल्यावर दिसलं की मऊ, कमी लिग्निनचा पाला नायट्रोजनमुळे लवकर कुजतो आणि चिवट पाला रेंगाळतो. जिथे हवेतून वर्षाला हेक्टरी ५ किलोपेक्षा कमी नायट्रोजन पडतो तिथे जास्तीचा नायट्रोजन कुजण्याला मदत करतो, ५ ते १० किलो पडतो तिथे अडथळा. ५ किलो म्हणजे किती? युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नायट्रोजन असतो. म्हणजे अडीच एकरावर, वर्षभरात, पाव पोतं. बस्स.

आता तुम्ही म्हणाल, पाला उशिरा कुजला तर बिघडलं काय? उलट कार्बन जमिनीतच राहील. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. पण पानात अडकलेलं फॉस्फरस, कॅल्शियम झाडाला परत कधी मिळणार? आणि एप्रिल-मे महिन्यात मेळघाटात वाळल्या पाचोळ्याचा थर जाड असणं म्हणजे काय, हे वणवा विझवणाऱ्या वनमजुराला विचारा. कार्बन जमिनीत राहील की धुरात जाईल, ते एक बिडी ठरवते.

२०१९ च्या मार्चमध्ये नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नायट्रोजनवरचा ठराव आपल्या देशाने मांडला आणि तो मंजूरही झाला. आपल्याकडे मात्र प्रोजेक्टच्या यादीत तेच ते लाइन फॉलोअर रोबो! चिमणीतून काय निघतं हे आपण शिकतो. ते कुठे पडतं आणि पडून काय करतं, हा प्रश्न व्हायव्हातसुद्धा येत नाही.

म्हणून मी मच्छरदाणीच्या जाळीच्या सहा पिशव्या शिवल्या. प्रत्येकीत दहा ग्रॅम सागाची पानं. तिघींवर साधं पाणी, तिघींवर युरियाचं. जूनमध्ये ठेवल्या. सप्टेंबरअखेर माती झटकून, वाळवून लॅबच्या तराजूवर तोलल्या तर युरियावाल्या थोड्या हलक्या भरल्या. फोनवर काका जाम खूश! पण खरी गंमत पुढच्या पावसाळ्यात होती. चिवट भाग उरल्यावर कोण मागे पडतं ते पाहायचं होतं. त्याआधीच काडी लागली.

दरवर्षी जाळायलाच हवं का? होस्टेलमागची तीसेक झाडं दोन वर्षं न झाडता राहू द्या, एवढंच मागणं आहे. साप निघतात म्हणाल तर पायवाट झाडा, आतलं सोडा. या जूनमध्ये मी पुन्हा पिशव्या ठेवणार आहे, या वेळी बारा, लाल फीत बांधून. तोलायला दोघीजणी हव्या आहेत, शाखा कुठलीही चालेल. झाडूवाल्या काकांनाही विचारून आले. ते म्हणाले, "बाई, मले काय? लिहून आण, मी नाही जाळत."